तिवईचं ओझं

चार पायांचं टेबल ओबडधोबड जमिनीवर ठेवलं की डुगडुगतं. मग एका पायाखाली कागदाची घडी सरकवावी लागते. तीन पायांची वस्तू डुगडुगत नाही. कारण शाळेच्या भूमितीत आहे: एका रेषेत नसलेले कोणतेही तीन बिंदू एकाच प्रतलात बसतात, चौथा बिंदू त्यात बसेलच अशी हमी नसते. भूमितीचं पुस्तक न उघडलेल्या माणसांनाही हे पक्कं ठाऊक होतं. चूल तीन दगडांची मांडली जाई. खळ्यावर धान्य उफणायला वाऱ्याच्या तोंडाशी उंच तिवई उभी केली जाई. तिच्यावर उभं राहून सुपातून धान्य सोडलं की दाणे खाली पडत आणि भूस उडून जाई. शेणानं सारवलेलं खळं कितीही समतल केलं तरी कुठे ना कुठे खालीवर असायचंच. तिवईला त्याचं काही वाटत नसे.

कॅमेऱ्याचा ट्रायपॉड म्हणजे हीच तिवई. मला एक स्वस्त ट्रायपॉड घ्यायचा होता. दुकानांच्या संकेतस्थळांवर पाचशे रुपयांपासून पन्नास हजारांपर्यंत शेकडो तिवया दिसल्या आणि सगळ्यांच्या वर्णनात तेच शब्द: मजबूत, हलकी, व्यावसायिक. अशा वेळी मी कामावर जे करतो तेच केलं. एखाद्या जुन्या प्रणालीतला भाग कळेनासा झाला, की तो कोणती अडचण सोडवायला आला होता ते मागे जाऊन शोधायचं. तिवईच्या बाबतीत मागे जाता जाता मी बराच लांब गेलो, आणि वाटेत सारखा एकच हिशेब समोर आला: स्थिरतेला वजन लागतं, आणि ते वजन कोणीतरी वाहत असतं.

या हिशेबाचा सगळ्यात मोठा दाखला विदर्भाशी जोडलेला आहे. वाशिमहून पूर्वेला, यवतमाळच्याही पलीकडे हिंगणघाट आहे. तिथे विल्यम लॅम्बटनची कबर आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्यानं भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली, आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे त्रिकोणांची साखळी विणत येताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेलं आणि साखळी वऱ्हाडातून उत्तरेला सरकली. लॅम्बटनचा थिओडोलाइट लंडनच्या विल्यम कॅरीनं बनवला होता. त्याची आडवी चकती तीन फूट व्यासाची होती आणि वजन सुमारे अर्धा टन. इतका अजस्र का? चकती जितकी मोठी, तितक्या तिच्यावरच्या अंशांच्या खुणा बारीक करता येतात, आणि कोन मोजताना यंत्र केसभरही हलून चालत नाही.

हे अर्धा टनाचं यंत्र टेकड्यांवर, देवळांच्या शिखरांवर, बांधलेल्या मनोऱ्यांवर चढवावं लागे. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर ते चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि चकती वाकली. लॅम्बटननं स्वतःला तंबूत कोंडून घेऊन कित्येक आठवडे खपून ती सरळ केली. ही गोष्ट सर्वेक्षणाच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. दोर ओढणारे, यंत्र खांद्यावर घेऊन चिखल-काट्यांतून चालणारे, तापानं मेलेले खलाशी आणि हमाल त्याच गोष्टीत फक्त बहुवचनात येतात. यंत्र बनवणाऱ्याचं नाव मिळतं, वापरणाऱ्याचं मिळतं, वाहणाऱ्याचं मिळत नाही.

छायाचित्रणातही हेच घडलं, फक्त वजन कमी झालं. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं ओल्या काचेची पद्धत आणली. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचं आणि लगेच धुवायचं. म्हणजे कॅमेरा, लाकडी तिवई, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि काळोखासाठी तंबू एवढं सगळं बरोबर न्यायचं. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण अशी पहिल्या भारतीय छायाचित्रकारांची नावं याच काळातली.

आमच्या जिल्ह्याशी यातला एक धागा थोड्या आडवाटेनं जुळतो. अजिंठ्याचं सोळावं लेणं वराहदेवानं कोरवलं. तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री होता, आणि हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशिम. त्या लेण्यांतली चित्रं नकलून घेण्यासाठी १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. त्यानं वर्षानुवर्षं खपून केलेल्या तैलचित्रांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. दरम्यान त्यानं कॅमेरा हाती घेतला होता. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या लिखाणासह त्याच्या छायाचित्रांची पुस्तकं निघाली. पण कॅमेरा चित्रकाराची जागा घेऊ शकला नाही. त्या काळच्या काचेला निळा-जांभळा प्रकाशच नीट दिसे. गेरूचा लाल आणि पिवळा तिला जवळजवळ काळा. त्यात लेण्यातला अंधार.

सव्वाशे वर्षांनी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, बिनॉय बहल यांनी याच भित्तिचित्रांची छायाचित्रं प्रखर दिवे न लावता, अगदी मंद प्रकाशात, दीर्घ वेळ उघड्या ठेवलेल्या कॅमेऱ्यानं घेतली. रंग फिके पडू नयेत म्हणून दिवा नको. दिवा नको म्हणून वेळ हवा. आणि वेळ हवा म्हणजे कॅमेरा तसूभरही हलायला नको. तिवई त्या अर्थानं प्रकाशाचाच पर्याय आहे. जिथे उजेड वाढवता येत नाही, तिथे ती वेळ वाढवून देते.

गंमत म्हणजे आजही पुरातत्त्व खात्याच्या बहुतेक स्मारकांत मोबाइलनं फोटो काढायला कोणी अडवत नाही, पण तिवई लावायची तर आधी परवानगी घ्यावी लागते. तीन पाय उघडले की माणूस हौशी राहत नाही, ‘कामावरचा’ ठरतो.

हलत्या चित्रांनी तिवईपुढे नवी अडचण उभी केली. सुरुवातीचे कॅमेरे हातानं दांडा फिरवून चालवायचे. फिरवणाऱ्या हाताचा हिसका चित्रात उतरू नये म्हणून तिवई जड हवी. १८९९ मध्ये सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली ती अशाच यंत्रानं. १९१२ मध्ये दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ आला. एका जागी रोवलेल्या कॅमेऱ्यापुढे नाटक झालं आणि ते टिपलं गेलं. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला. पहिला भारतीय चित्रपट कोणता, या वादात ‘पुंडलिक’च्या विरोधात एक मुद्दा नेहमी मांडला जातो की ते नुसतं नाटकाचं चित्रण होतं. म्हणजे तिवईनं दिलेली स्थिरता इथे दोष ठरली. कॅमेरा स्थिर हवा, पण खिळलेला नको.

त्यावर तोडगा निघालेला होता. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हीरकमहोत्सवी मिरवणुकीसाठी रॉबर्ट पॉलनं लंडनमध्ये तिवईवर फिरणारं डोकं बसवलं. मिरवणूक पुढे सरकली की कॅमेरा तिच्याबरोबर वळे. आज आपण ज्याला ‘पॅन हेड’ म्हणतो त्याचा हा पूर्वज. पुढे डोक्यात घट्ट द्रव भरून ती हालचाल लोण्यासारखी मऊ करण्यात आली.

हा सगळा इतिहास वाचल्यावर दुकानातल्या शेकडो तिवया मला निराळ्या दिसायला लागल्या. पायांची लांबी, डोकं, कळा, वजन, प्रत्येकामागे एक अडचण आहे. ती आपली आहे का, एवढंच बघायचं.

माझं काम होतं गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करून चित्रित करण्याचं. रिसोड तालुक्यातल्या आमच्या गावात आता सोयाबीन हडंब्यातून निघतं. खळी गेली, आणि त्यांच्याबरोबर मेढ, पात, उफणणी, रास हे शब्द जायला लागले. आमचे आबा ऐंशी पार केलेले. ते शब्द त्यांच्या तोंडात आहेत, आणि त्याहून जास्त हातात. सूप कसं धरायचं, वारा पडला की मनगट कसं थांबवायचं, हे ते सांगत नाहीत, करून दाखवतात. ते नीट टिपायचं तर कॅमेरा पाऊण तास एका जागी हवा. फोनमधली स्थिरीकरणाची सोय हाताचा कंप लपवते, पण दुखायला लागलेला दंड लपवत नाही.

या कामाच्या अंगानं बघितलं तेव्हा पहिली गोष्ट कळली ती उंचीबद्दल. जाहिरातीत साडेपाच-सहा फूट उंचीचा मोठा बोलबाला असतो. आबा बाजेवर बसतात. त्यांच्या डोळ्यांची पातळी जमिनीपासून तीन-साडेतीन फूट. कॅमेरा त्याच पातळीला हवा, म्हणजे मला उंच तिवई नकोच होती. स्वस्त तिवईत उंची मिळते ती पायांच्या शेवटच्या, काडीसारख्या बारीक नळ्यांमधून आणि मधला दांडा वर ओढून. दांडा वर ओढला की तीन पायांच्या वर एक पाय उभा केल्यासारखं होतं आणि भूमितीचा सगळा फायदा जातो. म्हणून उंची बघायची ती मधला दांडा खाली ठेवून. नळ्यांचे तुकडे जितके कमी, तितके सांधे कमी आणि पाय ताठ.

दुसरी गोष्ट वजन पेलण्याची. वर लिहिलेल्या आकड्याच्या निम्मं वजन खरं धरावं. फोन दोनशे ग्रॅमचा, त्याला काहीही चालेल. भिंगासकट दीड किलोचा कॅमेरा असेल तर निदान तीन किलो पेलणारी तिवई घ्यावी. तिसरी गोष्ट डोक्याची. स्वस्त तिवईवर ‘फ्लुइड’ लिहिलेलं असलं तरी बहुधा आत नुसतं वंगण असतं. दुकानात कॅमेरा लावून सावकाश वळवून बघावा. सुरू होताना हिसका बसतो का, सोडल्यावर मागे येतो का, दोन मिनिटांत समजतं. फक्त स्थिर फोटो काढायचे असतील तर गोळ्याचं डोकं सोयीचं, चित्रीकरणाला दांडीचं.

चौथी गोष्ट सगळ्यात जुनी. कॅमेऱ्याच्या बुडाशी जो स्क्रू बसतो, तो पाव इंच व्यासाचा, इंचाला वीस आटे असलेला. हे माप जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये सुचवलेल्या प्रमाणित आट्यांच्या घराण्यातलं आहे. त्यामुळे आजचा फोनचा चिमटा आणि आजोबांच्या काळचा कॅमेरा एकाच तिवईवर बसू शकतात. मात्र त्या स्क्रूची जी सुटी पट्टी असते, ती स्वस्त तिवयांत ज्याची त्याला असते. ती हरवली की तिवई अडगळीत. जास्तीची पट्टी मिळत असेल तरच ती तिवई घ्यावी.

उरली जमीन. आमची काळी माती पावसाळ्यात पाय गिळते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ओल्या रानात पायांखाली फरशीचे तुकडे ठेवावेत. पायाच्या कळा खटक्याच्या असाव्यात, कारण पिळून बसवायच्या कळांमध्ये आमच्याकडची धूळ जाऊन बसते. वारा असेल तर मधल्या आकड्याला पिशवी अडकवावी, पण ती जमिनीला टेकलेली हवी. नाहीतर पिशवीच झोके घेते आणि तिवईलाही हलवते.

अशी तिवई दोन हजारांच्या आत मिळाली. वजन सव्वा किलो. आबांसमोर ती उघडली तेव्हा त्यांनी पाय दाबून बघितले आणि म्हणाले, “हे तं तिवईच आहे लेका. पण याच्यावर उभं कोन राह्यते?”

“कॅमेरा राहतो, आबा.”

“मंग मले हालता येते ना?”

त्यांना हलता यावं म्हणूनच ती आणली होती. जुन्या छायाचित्रांत माणसं काठीसारखी ताठ बसलेली दिसतात, कारण काच मंद होती आणि त्यांनाही तिवईसारखंच स्थिर राहावं लागे. इथे तिवई स्थिर राहिली आणि आबांचे हात मोकळे झाले. पाऊण तासात त्यांनी रिकामं सूप घेऊन वाऱ्याच्या तीन तऱ्हा दाखवल्या.

आता सुटीत गावी गेलो की चुलतभाऊ आणि मी आळीपाळीनं ती तिवई खांद्याला लावून शेजारच्या गावांत जातो. प्रत्येक फाइलला तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव आणि कामाचं नाव देतो. त्यापुढे आणखी एक रकाना ठेवला आहे: त्या दिवशी तिवई कोणी आणली.