पगारपत्रकातील २०० रुपये आणि दुष्काळी कामावरची खडी : व्यवसाय कराचा इतिहास

१/ महाराष्ट्रात नोकरीला लागलेल्या तरुणाच्या पगारपत्रकात एक छोटी कपात असते : 'व्यवसाय कर, २०० रुपये'. फेब्रुवारीत तीच रक्कम ३०० होते आणि वर्षाचे २५०० रुपये पुरे होतात. बहुतेकजण या ओळीकडे लक्षही देत नाहीत. मात्र या ओळीचा उगम दुष्काळात आहे. आजच्या थ्रेडमध्ये तो पाहू, आणि सुरुवात करू बुलडाणा जिल्ह्यातील दुसरबीडपासून.

२/ दुसरबीड हे सिंदखेडराजा तालुक्यातील गाव. जालन्याहून मेहकरकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर सिंदखेडराजा मागे पडले की ते लागते. वऱ्हाडाची ही पश्चिम कड मराठवाड्याला भिडलेली आहे. शेती मुख्यतः पावसावर. ज्याला स्वतःची जमीन नाही, त्याचे वर्ष दोन तुकड्यांत विभागलेले असते : पेरणीपासून सुगीपर्यंत हाताला काम, आणि सुगी संपली की पुढच्या मृगापर्यंत प्रतीक्षा किंवा स्थलांतर. पावसाने दगा दिला तर पहिला तुकडाही हातचा जातो.

३/ अशा माणसाला राज्यसंस्थेने काय द्यावे, हा प्रश्न जुना आहे. १८७६-७८ च्या महादुष्काळात ब्रिटिश सरकारने कामे काढली. पण रिचर्ड टेंपल यांच्या सूचनेवरून मजुरी इतकी खाली आणली गेली की दख्खनमधील मजुरांनी कामे सोडून दिली. त्यांची बाजू पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारपुढे मांडली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर 'फॅमिन कोड' तयार झाले. तथापि त्यांचा पाया एकच होता : दुष्काळ जाहीर करायचा अधिकार सरकारचा. मजुराकडे हक्क नव्हता. त्याच्या वाट्याला आली ती कृपा.

४/ १९५० च्या राज्यघटनेने भाषा बदलली. अनुच्छेद ४१ मध्ये कामाच्या हक्काचा उल्लेख आला. मात्र तो मार्गदर्शक तत्त्वांत आहे, आणि त्याला एक अट जोडलेली आहे : राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. 'पैसा नाही' असे म्हटले की विषय तेथेच संपत असे. आजच्या कथेचे मर्म या अटीत आहे, ते लक्षात ठेवा.

५/ विठ्ठल सखाराम पागे हे विधान परिषदेचे सभापती. सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात १९६० च्या दशकाअखेरीस त्यांच्या कल्पनेतून एक प्रयोग झाला. जो काम मागेल त्याला गावाजवळच काम द्यायचे, आणि त्या कामातून जमीन व पाणी यांत भर पडली पाहिजे, अशी ती कल्पना. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक हे विदर्भातील पुसदकडचे. कोरडवाहू शेतीची व्यथा त्यांना सांगावी लागत नव्हती. १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्याने स्वीकारली.

६/ आणि त्याच वर्षी मोठा दुष्काळ कोसळला. नवी योजना बाजूला ठेवून जुन्या पद्धतीची दुष्काळी कामे काढावी लागली : रस्ते, पाझर तलाव, नालाबांध आणि खडी फोडणे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती. सुकडी आणि लाल मिलो हे शब्द आजही जुन्या पिढीच्या तोंडी आहेत, ते त्याच दिवसांतले. गावोगावच्या आजी-आजोबांना विचारून पाहा.

७/ दुष्काळ ओसरल्यावर १९७४ मध्ये योजना पुन्हा सुरू झाली. आता प्रश्न उभा राहिला तो पैशाचा. दुष्काळात केंद्राची मदत मिळते. पण दरवर्षी, पाऊस चांगला झाला तरी, मागेल त्याला काम द्यायचे तर निधी कोठून आणायचा? अनुच्छेद ४१ मधील ती 'आर्थिक क्षमतेची' अट पुन्हा समोर ठाकली.

८/ महाराष्ट्राने दिलेले उत्तर साधे होते. क्षमता नसेल, तर ती निर्माण करायची. 'महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कर अधिनियम, १९७५' संमत झाला. १ एप्रिल १९७५ पासून पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी, कारखानदार या सर्वांवर व्यवसाय कर लागू झाला. जोडीला मोटार वाहन कर व विक्री कर यांवर वाढीव आकारणी आली, बागायती जमिनीवर आणि शहरांतील अनिवासी मालमत्तेवरही भार पडला. जमेल तेवढीच रक्कम राज्याने आपल्याकडून घालायची, असा दंडक ठरला.

९/ यातील सामाजिक करार नीट पाहा. ज्याला महिन्याचा पगार बांधलेला आहे, त्याने थोडे द्यायचे. ज्याला उद्याच्या कामाची शाश्वती नाही, त्याला ती द्यायची. मुंबईच्या कार्यालयातील कारकून आणि सिंदखेडराजा तालुक्यातील शेतमजूर एकमेकांना कधी भेटले नसतील, पण कायद्याने त्यांचा हिशेब एका वहीत मांडला. मालकाचे काम इतकेच, की कर कापून तो वेळेवर भरायचा.

१०/ दुसरी बाजू 'महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७' ने पुरी केली. विधिमंडळाने तो एकमताने मंजूर केला. अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले, तर १५ दिवसांत काम. शक्यतो ५ किलोमीटरच्या आत. काम देता आले नाही, तर बेकारी भत्ता. भत्त्याची रक्कम नाममात्र होती, पण तत्त्व मोठे होते. आता चूक मागणाऱ्याची नव्हती, न देणाऱ्याची होती.

११/ कायदा कागदावर देखणा दिसला तरी हजेरीपटावर त्याची कसोटी लागे. काम सुरू होण्यासाठी एका ठिकाणी किमान ५० मजूर हवेत. मोजमाप उशिरा झाले की मजुरी रखडायची. खोट्या नावांचे हजेरीपट उघडकीस यायचे. मजूर संघटनांनी मोर्चे काढले, तहसील कचेरीपुढे ठाण मांडले. हक्क असल्यामुळेच मोर्च्याला मागणीचे रूप आले. एरवी ती याचना ठरली असती. या कामांवर स्त्रियांची संख्या मोठी होती. घराजवळ, रोख आणि कामाच्या मापाने मिळणारी मजुरी ही त्यांच्यासाठी नवी गोष्ट होती.

१२/ मजुरीच्या दराचा वाद न्यायालयांतही गेला. राजस्थानातील दुष्काळी कामासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये स्पष्ट केले, की किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणे ही वेठबिगारी आहे. सरकारलाही सूट नाही. महाराष्ट्रात १९८८ मध्ये शेतीच्या किमान वेतनाबरोबर रोजगार हमीची मजुरीही वाढली. मात्र त्यानंतरच्या वर्षांत कामावरील मजुरांची संख्या घटत गेली. निधी वैयक्तिक विहिरींकडे आणि १९९० पासून फळबाग लागवडीकडेही वळला. शेतकऱ्याला लाभ झाला, पण भूमिहीनाच्या वाट्याचे दिवस कमी झाले.

१३/ कराचे काय झाले? राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार या कराची कमाल मर्यादा वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने ती २५०० केली, आणि आजही तीच आहे. वसुली चालू राहिली, प्रयोजन मात्र लोकांच्या विस्मरणात गेले. २००५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. त्याच्या मुळाशी महाराष्ट्राचा अनुभव होता, पण १०० दिवसांची मर्यादाही आली. अकुशल मजुरीचा भार केंद्राने उचलल्यावर आपल्या पगारातील ओळीचा आणि खडीचा संबंध आणखी पुसट झाला.

१४/ पुन्हा दुसरबीडकडे या. येथे जिजामाता सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे बंद पडला. चालू कारखान्यातील कायम कामगार हा व्यवसाय कर भरणारा. कारखाना बंद पडला की तोच माणूस काम मागणाऱ्यांच्या रांगेत उभा राहू शकतो. कर देणारे आणि हमी घेणारे हे दोन वेगळे समाज नाहीत. मध्ये एक बंद पडलेला कारखाना किंवा एक कोरडा पावसाळा एवढेच अंतर असते. १९७५ च्या कायदेकर्त्यांनी हे अंतर ओळखले होते.

१५/ म्हणून व्यवसाय कर वाढवा, कमी करा किंवा रद्द करा, अशी चर्चा निघाली, की पहिला प्रश्न रकमेचा नसावा. ज्या हमीसाठी तो लावला गेला, त्या हमीचे आज काय चालले आहे, हे आधी विचारावे. पुढच्या महिन्याचे पगारपत्रक हाती आले की ती ओळ एकदा वाचा. आणि तुमच्या गावचा पाझर तलाव किंवा रस्ता रोजगार हमीतून झाला असेल, तर त्याची माहिती खाली जरूर लिहा. हा इतिहास अजून लोकांच्या आठवणींतच अधिक आहे.