चक्रवाढीचे कळप

मंडळी, चक्रवाढ व्याज आपणांस ठाऊकच आहे. जनावरांची पैदासही तशीच चढते. अलास्काजवळच्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ साली अमेरिकी तटरक्षक दलाने २९ रेनडिअर, म्हणजे थंड मुलखातली हरणे, सोडली. लांडगे तेथे नव्हते. १९५७ साली १,३५० झाली. म्हणजे दरसाल शेकडा ३४ वाढ. याच हिशेबाने १९६६ साली सुमारे १९ हजार भरायला हवीत. १९६३ पर्यंत ती ६,००० झालीही. पण हिवाळ्यातला त्यांचा चारा म्हणजे दगडफूल. तेच खाऊन संपले. त्यात कडक हिवाळा आला. १९६६ साली उरली फक्त ४२! गुणाकार बरोबरच होता, त्यात चारा तेवढा धरलेला नव्हता. गुरुजी, मुलांना हे गणित घाला. पण जनावरांबरोबर कुरणही मोजायला शिकवा.