बदली, बेंच आणि कायम

२००१ साली मी न्यू जर्सीतून दर रविवारी सोलापूरला फोन करायचो. कॉलिंग कार्ड नाण्याने खरवडायचं, तो लांबलचक आकडा दाबायचा, दोनदा चुकायचं आणि मग कधीतरी घरची रिंग ऐकू यायची. आई विचारायची जेवलास का, बाबा विचारायचे थंडी किती आहे. आजोबा फोनवर आले की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "कायम झालास का बदलीच हाईस अजून?"

मी हसून वेळ मारून न्यायचो. आजोबांची सगळी उमेद मिलमध्ये गेली, त्यांना जगातली कुठलीही नोकरी मिलसारखीच दिसते, असं मला वाटायचं. पुढे थोडंफार वाचत गेलो तेव्हा कळलं की त्या वर्षात मला कुणी विचारलेला सगळ्यात अचूक प्रश्न तोच होता.

ज्यांच्या घरात मिल नव्हती त्यांच्यासाठी आधी बदलीची भानगड सांगतो. सोलापूरला १८६० साली रेल्वे पोचली आणि १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली, तीच आमची जुनी मिल. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा एकेक उभ्या राहिल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, आसपासच्या खेड्यांतून दुष्काळाने उठलेले शेतकरी आले. म्हणजे एकेकाळी लोक पोटासाठी सोलापुरात यायचे. (पुण्यातल्या मित्रांना हे सांगितलं की त्यांना गंमत वाटते!)

पण गावात आलं म्हणजे काम मिळालं असं नव्हतं. मिलमध्ये शिरायचं तर जॉबरच्या हातून. माणूस घेणार तो, काढणारही तोच, आणि मधल्या काळात त्याचा हात ओला ठेवायचा. त्याला दस्तुरी म्हणत. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या व्हिटली कमिशनने १९३१ च्या अहवालात या प्रकारावर सडकून टीका केली आणि भरतीचं काम जॉबरकडून काढून घ्या असं सुचवलं. ते लगेच कोण ऐकणार?

जॉबरने घेतल्यावरही माणूस कायम व्हायचा नाही, बदली व्हायचा. पहाटेचा भोंगा झाला की गेटवर जाऊन उभं राहायचं. आत एखादा साचेवाला आजारी असेल, गावी गेला असेल, तर त्याच्या जागी आज काम. सगळे हजर असतील तर आल्या पावली परत, आणि त्या दिवसाचा पगार नाही. मुंबईच्या गिरणीमालकांनी १९३५ साली यात थोडी शिस्त आणली, ठरावीक बदल्यांना कार्डं दिली. पण रोज सकाळी गेटवर उभं राहणं काही सुटलं नाही. आजोबांची सुरुवातीची कित्येक वर्षं अशीच गेली. ते म्हणायचे, बदलीवाला सकाळी उठून दुसऱ्याच्या आजारपणाची वाट बघतो.

आता अमेरिका. आपल्याकडच्या सॉफ्टवेअर कंपन्यांचा सुरुवातीचा धंदा म्हणजे इथून माणसं उचलून तिकडच्या ग्राहकाच्या ऑफिसात बसवणं. त्याला तेव्हापासूनच बॉडी शॉपिंग असं सरळ नाव आहे. १९९० च्या अमेरिकन कायद्याने एच-वन-बी व्हिसा आणला, वर्षाला ६५,०००. १९९७ मध्ये हा कोटा पहिल्यांदाच वर्ष संपायच्या आत संपला. मग वाय-टू-केची घाई झाली. जुन्या कोबोल प्रोग्रॅममध्ये जागा वाचवायला वर्षाचे दोनच आकडे ठेवले होते, त्यामुळे २००० साल उजाडलं की मशीनला ते १९०० वाटणार. दुरुस्तीला माणसं हवी होती. कोटा १९९९ साठी १,१५,००० झाला आणि २००१ साठी थेट १,९५,०००.

म्हणजे आमच्या वर्गातली निम्मी पोरं एकदम हुशार झाली नव्हती. दार मोठं झालं होतं, इतकंच. आम्हाला मात्र ते स्वतःचं कर्तृत्व वाटलं. घरात तेलुगू बोलणारे मित्र हैदराबादला अमीरपेठेत कोर्स करून आले, मी पुण्यात केला.

तिकडे पोचल्यावर कळलं की ज्या कंपनीने व्हिसा काढला तिच्याकडे काम नव्हतंच. काम तिसऱ्याकडे, मध्ये एक व्हेंडर, कधी दोन. तासाला जे पैसे मिळतात त्यातले प्रत्येकजण आपले काढून घेणार. आणि ग्राहक मिळेपर्यंत आपण बेंचवर. एका फ्लॅटमध्ये सहाजण, सकाळी उठून रेझ्युमे पाठवायचा आणि फोनची वाट बघायची. शियांग बियाओ नावाच्या चिनी अभ्यासकाने हैदराबाद आणि सिडनीतल्या अशा पोरांमध्ये राहून पुस्तक लिहिलं, २००७ साली आलं. वाचताना मला आमच्या फ्लॅटमधला डाळीचा वास आला.

बेंचवर बसवलेल्याला पगार द्यायलाच हवा, असा कायदा अमेरिकेत १९९८ सालीच झाला होता. फक्त त्यात एक अपवाद आहे. माणसाने आपणहून रजा मागितली असेल तर पगार नाही. डॉटकॉमचा फुगा फुटल्यावर आमच्या कंपनीने आम्हा सहाजणांपुढे एकेक छापील कागद ठेवला, 'वैयक्तिक कारणासाठी बिनपगारी रजा'. मी सही केली. सगळ्यांनी केली. व्हिसा त्यांच्या हातात, नोकरी गेली तर देशात राहायचा हक्कच जातो. (साठ दिवसांची सवलत नियमात आली ती २०१७ मध्ये.) घरी सांगितलं, प्रोजेक्ट जोरात आहे.

दोन्ही गोष्टी सारख्याच, असं मला म्हणायचं नाही. आमच्या फ्लॅटमध्ये फ्रिज होता, हीटर होता, आणि चांगले दिवस आले तर आजोबांच्या अनेक वर्षांचा पगार एका महिन्यात मिळणार होता. पण एका बाबतीत आजोबाच वरचढ. गेटवरून परत पाठवलं तरी ते संध्याकाळी स्वतःच्या घरी असायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मिलच्या गेटवर जाऊ शकायचे. शिवाय गेटवर शेजारी उभा असलेल्याला खरं सांगता यायचं. आम्ही सहाजण एकमेकांनाही सांगत नव्हतो, आपण सही केली ते.

२००४ साठी कोटा पुन्हा ६५,००० वर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये तर नव्या अर्जावर एक लाख डॉलरची फी लावल्याची घोषणा झाली आणि माझ्या टीममधली दोन मुलं दिवसभर कॅन्टीनमध्येच बसून होती. दार किती उघडायचं ते ठरवणारे आपण कधीच नव्हतो, हे त्यांना सांगावंसं वाटलं, पण तो दिवस ते सांगायचा नव्हता.

मी २००२ मध्ये परत आलो. सिद्धेश्वर एक्सप्रेसने पहाटे सोलापूरला उतरलो, रिक्षाने घरी गेलो. आजोबा ओट्यावरच बसले होते. त्यांनी माझ्या दोन बॅगा बघितल्या आणि म्हणाले, "मिल बंद पडली व्हय?"

म्हटलं, "हो."

"बाकी किती दिवसांची ऱ्हायली?"

"अडीच महिन्यांची."

त्यांनी मान हलवली आणि आईला चहा टाकायला सांगितला.