प्रकाशांतील भोंवरा

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीस पूर आला म्हणजे पात्रांत भोंवरे पडतात. पाणी गरगर फिरतें, पण ऐन मध्यभागीं पोकळीच असते. प्रकाशासही असा भोंवरा पडतो, हें कळावयास विसावें शतक सरत आलें.

ज्या प्रकाशाचें कंपन चालतां चालतां गोल फिरतें, तो वस्तूस पीळ देईल, असें पॉइंटिंग यांनीं १९०९ सालीं मांडलें. बेथ यांनीं बारीक तंतूस क्वार्ट्झची चकती टांगून १९३६ सालीं तो पीळ मोजला.

भोंवऱ्याची गोष्ट याहून निराळी. लहरींच्या रचनेंत कोठें कोठें खंड पडतो, हें ब्रिस्टलच्या नाय व बेरी यांनीं १९७४ सालीं दाखविलें. अशा एका खंडाभोंवतीं लहरी मळसूत्राप्रमाणें वळतात व मधोमध अंधार राहतो.

हा खंड मुद्दाम घडविण्याची युक्ति १९९० सालीं कीव्ह येथें सोस्किन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वापरली. समांतर रेघांच्या जाळीत मधली रेघ बेचकीसारखी दुभंगावयाची व तीवर लेसरचा झोत सोडावयाचा. बाजूस वळलेला झोत पीळ घेऊन निघतो. मात्र झोताचें केंद्र त्या दुभंगावरच बसावें लागतें. किंचित् सरकलें तरी पडद्यावरचें तेजोवलय एका अंगास फिकें पडतें.

या पिळांत फिरविण्याचें सामर्थ्य आहे, हें लायडनच्या ॲलन, वुर्डमन प्रभृतींनीं १९९२ सालीं गणितानें दाखविलें. १९९५ सालीं ऑस्ट्रेलियांत अशा झोतानें प्रकाश शोषणारे सूक्ष्म कण प्रत्यक्ष फिरविले गेले. लहरींतील खंड म्हणून नोंदलेला काळा ठिपका एकवीस वर्षांत हातचें साधन बनला.