चित्रकाराचे नृत्य

भारतीय नृत्याच्या इतिहासात उदय शंकर यांना कोठे स्थान द्यावे, हा प्रश्न अभ्यासकांना अडचणीत टाकीत आला आहे. कोणत्याही एका शास्त्रीय परंपरेत ते लहानपणापासून वाढले नाहीत, हा त्यांच्यावरील जुना आक्षेप. आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे. परंतु तीवरून त्यांचे नृत्य उथळ ठरविणे आम्हांस मान्य नाही. ते शिक्षणाने चित्रकार होते, ही गोष्ट येथे विसरली जाते.

१९०० साली उदयपूर येथे जन्मलेल्या उदय शंकरांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये चित्रकलेचे शिक्षण घेतले. १९२३ मध्ये रशियन नर्तिका आना पाव्हलोवा यांच्यासाठी त्यांनी राधा-कृष्ण व हिंदू विवाह या विषयांवर नृत्ये बसविली आणि कृष्णाची भूमिका स्वतः केली. तोवर त्यांचे पद्धतशीर नृत्यशिक्षण झालेले नव्हते. चित्रे व शिल्पे पाहून डोळ्यांत मुरलेली देहरेषा हेच त्यांचे भांडवल होते. १९३० मध्ये स्विस शिल्पकर्त्री अॅलिस बोनर यांच्यासह त्यांनी भारतभ्रमण केले, आणि १९३१ मध्ये पॅरिस येथे त्यांचा नृत्यसंच रंगभूमीवर आला.

तथापि परंपरेविषयी त्यांना अनास्था होती, असे म्हणता येणार नाही. १९३८ मध्ये अल्मोडा येथे उभारलेल्या केंद्रात कथकळीसाठी शंकरन् नंबुद्री, भरतनाट्यासाठी कंदप्पा पिळ्ळै व मणिपुरीसाठी अमोबी सिंग असे गुरू त्यांनी आणिले. त्याच अल्मोड्यात पडद्यावरील छायांतून त्यांनी रामलीला सादर केली. तेथे नर्तकाचा देह म्हणजे केवळ आकृती. चेहऱ्यावरील अभिनय लोपतो व रेषाच बोलू लागते. नृत्य आणि चित्र यांतील सीमा येथे पुसली गेली. केंद्र महायुद्धाच्या काळात बंद पडले. परंतु १९४८ च्या ‘कल्पना’ या चित्रपटात त्यांच्या रचना टिकून राहिल्या. त्याची जीर्णोद्धारित प्रत २०१२ मध्ये कान महोत्सवात दाखविली गेली.

हा वारसा आमच्या ग्वाल्हेरकर वाचकांना परका नाही. अल्मोड्याचे शांती बर्धन यांनी मुंबईत लिट्ल बॅले ट्रूप स्थापन केला आणि कळसूत्री बाहुल्यांच्या चालीने ‘रामायण’ बसविले. १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले. संच मात्र पुढे ग्वाल्हेरीस व नंतर भोपाळास स्थिरावला.

आपल्या शिक्षणसंस्थांत चित्रशाळा एका इमारतीत आणि नृत्यशाळा दुसरीत असते. सोयीसाठी केलेली ही विभागणी आपण कलेचाच स्वभाव मानू लागलो, तर उदय शंकरांसारखा विद्यार्थी समोर येऊनही आपणांस ओळखू येणार नाही. चित्रशाळा त्यास अर्धवट चित्रकार म्हणेल, नृत्यशाळा अर्धवट नर्तक. त्यांचे चरित्र शिकविताना हे भान शिक्षकाने बाळगावे, एवढेच आमचे सांगणे आहे.