केशवृद्धीची औषधे : गुण कोणता आणि दोष कोणता?

मुंबईहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता पेण तालुक्यातील वडखळ-डोलवीचा परिसर मागे टाकून दक्षिणेस महाडकडे जातो. कोकणच्या ह्या पट्ट्यात भाताच्या पेंढ्यात, दगडाच्या गडग्यात आणि लाकडाच्या मोळीत लाल विंचू दडून असतो. त्याच्या दंशाने धडधाकट माणसाचेही हृदय थकते, फुफ्फुसांत पाणी भरते आणि प्राणावर बेतते. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी ह्या दंशावर प्राझोसिन नावाचे औषध देण्याचा उपाय १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. हे औषध मुळात उच्च रक्तदाबावरचे. रक्तवाहिन्या सैल करणे हा त्याचा धर्म. त्याच धर्मामुळे रक्तदाबाच्या रोग्यास पहिल्या मात्रेनंतर कधी कधी भोवळ येते. एकाला भोवळ आणणारी शक्ती दुसऱ्याचा जीव वाचविते. पद्मश्रीने गौरविलेल्या ह्या ग्रामीण वैद्याच्या कामातून जो धडा मिळतो तो विंचवापुरता नाही. औषधाचा ‘गुण’ आणि ‘दोष’ ही नावे माणसाने प्रसंग पाहून ठेवलेली असतात. शरीराला असा भेद ठाऊक नसतो. केस राखण्याच्या आणि वाढविण्याच्या औषधांचा इतिहास म्हणजे ह्याच सत्याची विस्तृत टीका होय.

केस गळण्याची चिंता नवी नाही. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये इंद्रलुप्ताची, म्हणजे चाई पडण्याची, गणना आहे. माका आणि जास्वंद घालून कढविलेले तेल आजही घरोघरी चालते. परंतु प्राचीनांची चिकित्सा तेलावर थांबत नसे. सुश्रुताने डोक्याची शीर सोडून रक्त काढण्यास आणि मिरी, मनःशिळा, हिराकस व मोरचूद यांचा लेप देण्यास सांगितले आहे. मनःशिळा हा सोमलाचाच एक प्रकार आणि मोरचूद हे तांब्याचे क्षार. केसांवरचा उपाय सौम्यच असावयाचा, ही समजूत तेव्हाही खरी नव्हती.

केसांच्या बाबतीत अनपेक्षित परिणामाने औषधाचे रूप घेतल्याचे ठळक उदाहरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये दिसते. क्षयरोग्यांस रात्री येणारा घाम थांबविण्यासाठी थॅलियम ह्या धातूचे क्षार देऊन पाहिले, तो त्यांचे केस गळू लागले. पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ साबुरो यांनी ह्याच दोषाचा उपयोग करण्याचे ठरविले. मुलांच्या डोक्यावरील नायटा बरा करावयाचा तर रोगट केस आधी निघावयास हवेत. थॅलियम ते काम करी. परंतु केस गळविणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांत अंतर थोडे होते, आणि वजनामापात चूक होऊन मुले दगावली. पुढे अमेरिकेत नको असलेली लव घालविण्यासाठी थॅलियमयुक्त मलम बाजारात आले. १९३० च्या सुमारास ते वापरणाऱ्या अनेक स्त्रियांना पांगळेपणा आला, काहींची दृष्टी अधू झाली. १९५८ च्या सुमारास ग्रिझिओफुल्विन हे बुरशीनाशक औषध हाती आले, तेव्हा कुठे नायट्यासाठी थॅलियम देण्याचे कारण उरले नाही.

केस उगविणाऱ्या औषधाचा शोधही असाच आडवाटेने लागला. मिनॉक्सिडिल हे रक्तदाबाचे औषध. इतर उपाय हरले म्हणजे द्यावे अशा बेताने १९७९ मध्ये अमेरिकेत त्यास परवाना मिळाला. ते पोटात घेणाऱ्या दर पाचांतील सुमारे चौघांच्या कपाळावर, हातांवर आणि पाठीवर केस वाढू लागले. स्त्री-रोग्यांस हा प्रकार असह्य वाटे. टक्कल पडलेल्यांना मात्र त्यात आशा दिसली. पोटात घेतल्यास हे औषध छाती धडधडविते, अंगात पाणी साठविते, क्वचित हृदयाभोवतीच्या आवरणातही पाणी आणते. म्हणून ते द्रावणरूपाने डोक्यास लावण्याची युक्ती निघाली आणि १९८८ मध्ये शेकडा २ प्रमाणाच्या द्रावणास मान्यता मिळाली.

ह्या द्रावणाच्या मर्यादा समजण्यास केसाचा जीवनक्रम ठाऊक असावा. डोक्यावरील केस साधारण दोन ते सहा वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने विश्रांती घेऊन गळतो. दिवसाकाठी ५० ते १०० केस गळणे हा निसर्गक्रमच आहे. मिनॉक्सिडिल विश्रांतीतील मुळांना पुन्हा वाढीस लावते, म्हणून आरंभीच्या आठवड्यांत जुने केस उलट अधिकच गळतात. उपयोग सर्वांस होत नाही, आणि औषध थांबविले की मिळविलेले केसही काही महिन्यांत जातात. टाळूस खाज व पुरळ येणे, तोंडावर लव वाढणे हे नित्याचे त्रास होत. परंतु परिणाम लावणाराच भोगतो असेही नाही. बापाच्या डोक्यावरील औषध अंगास लागून तान्ह्या मुलांच्या अंगावर दाट लव आल्याच्या नोंदी स्पेनमध्ये झाल्या, आणि मांजराच्या पोटात ह्याचे थेंबभर गेले तरी ते प्राणघातक ठरू शकते.

दुसरे प्रसिद्ध औषध फिनास्टेराइड. डोमिनिकन प्रजासत्ताकातील एका खेड्यात मुली म्हणून वाढविलेल्या काही मुलांमध्ये वयात येताना पुरुषाची लक्षणे प्रकट होत. ह्या कुळांचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या शरीरात एका विकराची जन्मजात उणीव होती; त्यांची प्रॉस्टेट ग्रंथी लहान राही आणि टक्कल पडत नसे. तोच विकर अडविणारी गोळी १९९२ मध्ये प्रॉस्टेटच्या वाढीवर आणि १९९७ मध्ये, मात्रा पंचमांश करून, पुरुषांच्या टकलावर मान्य झाली. जो अंतःस्राव केसांचे मूळ खुरटवितो तोच अन्यत्रही कामे करीत असतो. म्हणून काहींच्या पौरुषावर व कामेच्छेवर परिणाम होतो, आणि क्वचित गोळी सोडल्यावरही तो रेंगाळल्याची तक्रार राहते. मनाची खिन्नता हाही परिणाम नोंदला गेला, आणि २०२५ मध्ये युरोपातील औषधनियामकांनी आत्महत्येचे विचार येणे हा ह्या औषधाचा परिणाम असल्याचे स्पष्ट केले. गर्भवतीने फुटकी गोळी हाताळूही नये. प्रॉस्टेटच्या कर्करोगासाठी रक्त तपासताना ही गोळी आकडा निम्म्यावर आणते, हे डॉक्टरास सांगितले नाही तर निदान चुकण्याचा संभव असतो.

भारतात औषधनियमांच्या ‘जे’ परिशिष्टाने टक्कल बरे करण्याचा दावा करण्यास मनाई केली आहे. तरी जाहिराती थांबत नाहीत; कारण केस गळणे हा अनेकदा रोग नसून लाज होऊन बसते.

ही लाज किती जाळते ते २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यात दिसले. शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत तीनचार दिवसांत माणसांच्या डोक्यांवरचे केस मुठीने हाती येऊ लागले. मुलींनी शरमेने डोकी भादरून घेतली. पाणी, बुरशी, साबण अशा नाना शंका निघाल्या. त्या वेळी बावस्करांनी महाडहून तेथे जाऊन रक्त, लघवी, केस आणि घरांतील गहू तपासून घेतला. रोग्यांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण भलतेच वाढलेले व जस्त उणावलेले आढळले, आणि शिधावाटपाच्या गव्हातून ते आले असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे पुष्कळांचे केस आपोआप परत उगवू लागले. विशेष हे, की सेलेनियम अल्प प्रमाणात शरीरास आवश्यक आहे आणि त्याचाच एक संयुग कोंड्यावर औषध म्हणून डोक्यास लावतात.

थॅलियमपासून सेलेनियमपर्यंतची ही कथा औषधांची निंदा करीत नाही. विंचवाच्या दंशात प्राझोसिन वर्ज्य मानले असते तर कोकणातील कित्येक घरे उजाड झाली असती. परंतु तेथे तराजूच्या एका पारड्यात प्राण होता. येथे बहुधा रूप असते. म्हणून केसांसाठी बाटली किंवा गोळी हाती घेण्यापूर्वी केस का गळतात हे आधी शोधणे, आणि हे औषध केसांखेरीज शरीरात आणखी कोठे कोठे पोचते हे विचारणे, एवढे तरी शहाण्या कुटुंबाचे कर्तव्य ठरते.