अतिप्रवाह दोष परीक्षण, मोटारगाडीतील

मोटारगाडीच्या विद्युत् मंडलातून मर्यादेबाहेर प्रवाह कोणत्या ठिकाणी वाहतो, हे वितळतार (फ्यूज) पुनःपुन्हा न जाळता शोधून काढण्याच्या पद्धतींना ही संज्ञा लावता येईल. वितळतारेचे कार्य मंडल तोडणे एवढेच असते. दोष उद्‌भवला आहे हे तिच्यामुळे कळते. तो कोठे आहे हे कळत नाही. शिवाय ती वितळताच प्रवाह थांबतो व दोषाचा माग काढण्याचे साधनच नाहीसे होते. म्हणून दोष कायम असताना प्रवाह चालू ठेवावयाचा, परंतु तो निरुपद्रवी मर्यादेत अडवून धरावयाचा, या तत्त्वावर या परीक्षणाचा पाया रचला गेला.

पूर्वेतिहास : ल्वी ब्रेगे या फ्रेंच संशोधकांनी १८४७ मध्ये तारायंत्राच्या उपकरणांचे आकाशातील विजेपासून रक्षण करण्यासाठी बारीक तारेचा तुकडा मंडलात घालण्याची सूचना केली. १८८० नंतर टॉमस एडिसन यांच्या विद्युत् वितरण पद्धतीत अशा सुरक्षा-तारांचा वापर होऊ लागला. मोटारगाडीत मात्र प्रारंभी वीज केवळ प्रज्वलनापुरतीच असे. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विद्युत् आरंभक १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसविण्यात आला आणि बॅटरी, जनित्र, दिवे व आरंभक असे संपूर्ण विद्युत् तंत्र गाडीत आले. त्याबरोबरच दोषांची शक्यताही वाढली.

मोटारगाडीत सामान्यतः एकतारी पद्धत वापरतात. बॅटरीच्या एका अग्रापासून उपकरणापर्यंत तार नेतात व परतीचा मार्ग गाडीचा धातूचा सांगाडाच असतो. यामुळे तार वाचते. परंतु तारेचे निरोधक आवरण कोठेही झिजून ती सांगाड्याला टेकली, तर प्रवाहाला उपकरणाला वगळून आखूड वाट मिळते. हाच मंडल संक्षेप, म्हणजे कारखान्यातील बोलीत ‘शॉर्ट’ होय. अशा वेळी बॅटरीतून शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो.

वितळतारेविषयीचे गैरसमज : वितळतार उपकरणाचे रक्षण करते असा समज रूढ आहे. वस्तुतः ती प्रामुख्याने तारेचे रक्षण करते. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १० अँपिअरसाठी योजलेल्या तारेतून ४० अँपिअर प्रवाह वाहू दिल्यास उष्णता चौपट नव्हे, तर सोळा पट होते. आवरण वितळते, शेजारच्या तारा उघड्या पडतात व एका दोषातून अनेक दोष संभवतात. जळालेल्या वितळतारेच्या जागी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद घालण्याची सवय म्हणूनच घातक ठरते. त्या उपायाने दिवे लागतात. मात्र वितळतारेचे काम तेव्हा गाडीतील तारांना करावे लागते.

मूल्यांकनाच्या भिन्न पद्धतींनीही गोंधळ निर्माण केला. ब्रिटिश लूकस पद्धतीच्या काचेच्या वितळतारेवर ३५ अँपिअर असे लिहिलेले असले, तरी तो वितळण्याचा प्रवाह असे. सतत वाहू देण्याचा प्रवाह त्याच्या सुमारे निम्मा असे. अमेरिकी वितळतारेवरील आकडा मात्र तिच्या नियत प्रवाहाचा असे. मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेली अँबॅसडर गाडी भारतात २०१४ पर्यंत तयार होत होती. तेव्हा या दोन आकड्यांतील फरक येथील कारागिरांच्या दृष्टीने केवळ पुस्तकी नव्हता.

बुलढाणा जिल्ह्यातील संदर्भ : या प्रश्नाचे व्यावहारिक स्वरूप बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात स्पष्ट दिसते. मलकापूर, नांदुरा व खामगाव ही गावे पूर्वीच्या राष्ट्रीय महामार्ग क्र. ६ वर (आताचा क्र. ५३) वसली आहेत. बुलढाणा, चिखली व मेहकर हा भाग घाटावर, तर मलकापूर, शेगाव व जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातील भाग घाटाखाली आहे. मलकापूरहून बुलढाण्यास जाताना राजूर घाट चढावा लागतो. उन्हाळ्यात घाटाखाली तापमान ४० सें.च्या वर जाते, तर पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल गाडीच्या तळाशी साचतो. उष्णतेने आवरण ठिसूळ होणे, हादऱ्यांनी ते कडेवर घासले जाणे आणि ओलाव्याने जोड गंजणे ही अतिप्रवाह व खंडित प्रवाह यांची सर्वपरिचित कारणे आहेत.

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाची स्थापना १९६१ मध्ये झाली. त्याच वर्षीच्या शिकाऊ उमेदवार अधिनियमामुळे कारखान्यांतून तरुणांना प्रत्यक्ष कामाचे शिक्षण देण्यास कायद्याचा आधार मिळाला. महामंडळाच्या बुलढाणा विभागात बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव, शेगाव, मलकापूर व जळगाव जामोद ही आगारे आहेत. आगारापासून दूर, रात्री, भर रस्त्यात दिवे गेले, तर चालकापुढे गाडी उभी करणे किंवा वितळतारेच्या जागी हाती लागेल ती तार घालणे असे दोन मार्ग उरतात. दुसरा मार्ग किती महाग पडू शकतो, हे बसमधील आगीच्या वेगावरून ध्यानी येते. १ जुलै २०२३ रोजी पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खाजगी बस उलटून पेटली व २५ प्रवासी मृत्यू पावले. ती आग अपघातानंतर लागली होती, तिचा दाखला विद्युत् दोषाचा म्हणून देता येत नाही. परंतु पेटलेल्या बसमधून बाहेर पडण्यास प्रवाशांना किती थोडा अवधी मिळतो, हे तिने दाखवून दिले.

चाचणी-दिव्याची पद्धत : सर्वांत जुनी, स्वस्त व आजही उपयुक्त अशी ही पद्धत होय. जळालेली वितळतार काढून तिच्या दोन अग्रांमध्ये एक तंतुदीप जोडतात. १२ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्ट, २१ वॉटचा दिवा घेतल्यास मंडलात संपूर्ण संक्षेप असला, तरी स्थिर प्रवाह २१ ÷ १२ म्हणजे १·७५ अँपिअरहून अधिक होत नाही. दिव्याचा तप्त तंतू सुमारे ६·९ ओहम रोध निर्माण करतो. दिवा पूर्ण तेजाने पेटला, तर दोष कायम आहे असे समजावे. त्यानंतर त्या वितळतारेवरील उपकरणांचे जोड एकेक करून सोडवीत जावे, तारांचा जुडगा ठिकठिकाणी हलवून पाहावा. ज्या क्षणी दिवा विझतो किंवा मंद होतो, त्या क्षणी दोषाची शाखा सापडते. हादऱ्यांमुळे अधूनमधून प्रकट होणारा दोषही दिव्याच्या लुकलुकण्यावरून ओळखता येतो. एकही वितळतार खर्ची पडत नाही.

बहुतेक मोठ्या बसगाड्यांत व मालमोटारींत आता २४ व्होल्ट, तर ट्रॅक्टरांत व लहान गाड्यांत १२ व्होल्ट दाब असतो. एकाच दुकानात दोन्ही प्रकारची वाहने येत असल्याने दिवा दाबानुसार निवडावा लागतो. १२ व्होल्टचा एकच दिवा २४ व्होल्टवर तत्काळ जळतो. तसेच उपकरण चालू असेल, तर त्याच्या नेहमीच्या प्रवाहानेही चाचणी-दिवा मंद पेटतो. त्यास दोष समजू नये. प्रकाशोत्सर्जी डायोडाचा दिवा येथे निरुपयोगी ठरतो, कारण त्यातून पुरेसा प्रवाह वाहत नाही.

चुंबकसूचीची पद्धत : तार आच्छादनाखाली दडलेली असेल, तर वितळतारेच्या जागी आपोआप तुटणारा व पुन्हा जुळणारा द्विधातवीय मंडल खंडक जोडतात. त्यामुळे प्रवाह थांबत थांबत वाहतो. विद्युत् प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र असते, हे हान्स क्रिस्त्यान अर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखविले होते. त्यानुसार तारेलगत धरलेली होकायंत्राची सूची प्रत्येक स्पंदाबरोबर हलते. दोषाचे स्थान ओलांडताच ती स्थिर होते. आसन किंवा फरशी न उचकटता दोष हातभर अंतरात आणता येतो, हा या पद्धतीचा विशेष आहे.

अलीकडील प्रगती : १९७६ मध्ये पात्याच्या आकाराची वितळतार प्रचारात आली. १० अँपिअरला तांबडा, १५ ला निळा, २० ला पिवळा अशा रंगसंकेतांमुळे चुकीची वितळतार बसविली गेल्यास ती पाहताच ओळखता येते. तिच्या माथ्यावरील दोन उघड्या बिंदूंमधील मिलिव्होल्ट दाब मोजून, ती न काढताच मंडलातील प्रवाहाचा अंदाज घेता येतो. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारित चिमटेवजा प्रवाहमापकाने तार न तोडता एकदिश प्रवाह मोजता येतो. काही नव्या गाड्यांत वितळतारेची जागा अर्धवाहक खंडकांनी घेतली असून ते दोष होताच प्रवाह तोडतात व त्याची नोंदही ठेवतात. संगणकीय नियंत्रण असलेल्या मंडलात चाचणी-दिवा जपून वापरावा. सुरक्षा-वातपिशवीच्या मंडलात तो मुळीच जोडू नये.

साधने बदलली, तरी परीक्षणाचा क्रम बदललेला नाही : प्रथम प्रवाह मर्यादित करावा, मग दोष शोधावा, तो दुरुस्त करावा आणि शेवटी उत्पादकाने ठरविलेल्या मूल्याचीच वितळतार बसवावी. हा क्रम उलटा करून आधी वितळतार बदलणाऱ्याच्या हाती दुसरी जळालेली वितळतार येते. जाड तार घालणाऱ्याच्या हाती तीही येत नाही, आणि दोष मात्र गाडीबरोबर पुढच्या प्रवासास निघतो.